जुना नेटवर्क ड्रायव्हर वाचण्याजोगा कसा करायचा: नवख्यांसाठी पायऱ्या

सी भाषा येते, लिनक्स कर्नल निदान एकदा स्वतः बिल्ड करून पाहिलाय, आणि आता समोर असा एक नेटवर्क ड्रायव्हर आहे ज्याचा आगापिछा लागत नाही. अशांसाठी हा लेख. ड्रायव्हर कर्नलमधला असो, नाहीतर पुण्या-बंगळुरातल्या एखाद्या कंपनीने वर्षानुवर्षं स्वतःपुरता जपलेला असो, पायऱ्या जवळपास त्याच.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. साध्या प्रोग्रॅममध्ये रिफॅक्टरिंग (वागणूक न बदलता कोडची मांडणी सुधारणं) चुकलं तर कंपायलर ओरडतो किंवा टेस्ट पडते. ड्रायव्हरचं निम्मं बोलणं चिपशी चालतं आणि चिप कंपायलरला दिसत नाही. म्हणून एखादी ओळ विचित्र, फालतू किंवा चुकून दोनदा लिहिलेली वाटली, तर ती काढण्याआधी ती तिथे का आहे हे शोधायचं. कारण सापडलं की बहुतेक वेळा ओळ तशीच राहते आणि तिच्यावर एक नीट कॉमेंट येते. अशी एक कॉमेंट मला शंभर ओळींच्या सजावटीपेक्षा जास्त मोलाची वाटते.

उदाहरणासाठी मी ८१३९टू घेतोय. रिअलटेकच्या आरटीएल८१३९ या जुन्या, स्वस्त फास्ट इथरनेट चिपचा हा ड्रायव्हर. सगळा मिळून एकच फाइल, अडीच हजारांहून जास्त ओळी, आणि त्यात जुन्या शैलीचे जवळपास सगळे नमुने भेटतात. फंक्शन, मॅक्रो वगैरेंची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये शोधताना रोमन लिपीत टाइप करा.

१. हात कुठे घालायचा ते आधी ठरवा

नवखा माणूस हमखास इथे अडकतो. कर्नलची शैली तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवतो, ढीगभर वॉर्निंग निघतात, सगळ्या दुरुस्त करून नेटवर्किंगच्या मेंटेनरांना (तो भाग सांभाळणाऱ्यांना) पाठवतो, आणि पॅच (पाठवलेला बदल) परत येतो. यात त्यांचा खडूसपणा नाही. कर्नलसोबत येणाऱ्या नेटडेव्हच्या (नेटवर्किंगच्या मेलिंग लिस्टच्या) मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या कामाशी संबंध नसलेली नुसती साफसफाई नको. चेकपॅचच्या वॉर्निंगा, लोकल व्हेरिएबलांचा क्रम, डेव्हएम (घेतलेलं आपोआप सोडणाऱ्या) फंक्शनांकडे वळवणं, ही उदाहरणंसुद्धा तिथे दिली आहेत. अशा ढवळाढवळीचा खर्च फायद्यापेक्षा जास्त, असं त्यांचं म्हणणं आहे. मलाही ते पटतं: उद्या एखादी खरी दुरुस्ती जुन्या कर्नलात न्यायची झाली की आजच्या साफसफाईमुळे ती नीट बसत नाही. स्पेलिंग आणि व्याकरणाच्या दुरुस्त्या मात्र चालतात.

मग कुठे करायचं? ड्रायव्हरमध्ये काही नवं घालायचंय किंवा बग काढायचाय आणि त्यासाठी आधी जागा मोकळी करावी लागतेय, तर ती साफसफाई पॅचांच्या मालिकेच्या सुरुवातीच्या पॅचमध्ये बेलाशक करा. नुसता सराव हवा असेल तर स्टेजिंग फोल्डर आहे. २००८ पासून कच्चे ड्रायव्हर तिथे ठेवतात, आणि आरटीएल८७२३बीएस हा वायफाय ड्रायव्हर आजही तिथेच आहे. ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये टूडू नावाची फाइल असते, ती आधी वाचा. कंपनीचा अंतर्गत ड्रायव्हर असेल तर प्रश्नच नाही, फक्त तुमच्या टीमलीडला आधी विचारा.

८१३९टू वर हा सगळा सराव घरी करा, पाठवू नका.

२. सामान जमवा

- कर्नलचा सोर्स. नेटवर्किंगच्या दोन ट्री असतात: बग दुरुस्तीसाठी नेट, बाकी सगळ्यासाठी नेट-नेक्स्ट. आपल्याला दुसरी लागते.
- चिपची डेटाशीट. ती नसेल तर रजिस्टरांच्या नावांना हात लावू नका, अंदाजाने तर नाहीच.
- कर्नलच्या कागदपत्रांपैकी तीन: कोडिंग स्टाइल, पॅच कसे पाठवावेत ते, आणि वर सांगितलेली नेटडेव्हची मार्गदर्शिका.
- गिट, जीसीसी किंवा क्लँग, स्पार्स (कोडमधल्या चुका शोधायला), कॉक्सिनेल (एकच बदल सगळीकडे करायला), ऑब्जडम्प (ऑब्जेक्ट फाइल उलगडायला).
- क्यूईएमयू (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम), आणि जमलं तर खरं कार्ड.
- ईथटूल (इंटरफेसची माहिती आणि आकडेवारी बघायला) आणि आयपर्फ३ (वेग मोजायला).
- साधा मजकूर पाठवणारा मेल. गिट सेंड-ईमेल किंवा बी४ बसवून ठेवा. ब्राउझरमधला मेल कोडमधल्या टॅब अक्षरांची वाट लावतो.

३. मोडलं तर लगेच कळेल अशी सोय करा

कोडला हात लावण्याआधी कर्नलच्या कॉन्फिगमध्ये प्रूव्ह लॉकिंग, अ‍ॅटॉमिक स्लीप डीबग, केसॅन आणि डीएमए (चिपने मेमरी थेट वाचणं-लिहिणं) एपीआय डीबग हे चार पर्याय चालू करा. कर्नल रडतखडत चालेल, चालू द्या. लॉक धरून झोपणं (सीपीयू सोडून वाट बघत बसणं), मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लावणं, डीएमए मॅपिंग न सोडणं, या तिन्ही चुका रिफॅक्टरिंगमध्ये हमखास होतात आणि हे पर्याय त्या पकडतात.

आता क्यूईएमयू. आरटीएल८१३९ डिव्हाइस देऊन मशीन सुरू केलं की ८१३९टू कार्ड घेतच नाही. क्यूईएमयूमधली चिप स्वतःची ओळख सी-प्लस (याच चिपची सुधारित आवृत्ती, तिचा ड्रायव्हर ८१३९सीपी) अशी सांगते, आणि ८१३९टू चं प्रोब फंक्शन (कार्ड सापडलं की कर्नल बोलावतो ते) रिव्हिजन हेक्स २० किंवा त्यापुढचा दिसला की ‘८१३९सीपी वापरा’ असं लॉगमध्ये लिहून मोकळं होतं. पूर्वीच्या कर्नलात ते नुसता इशारा देऊन पुढे जायचं. सरावापुरती ही तपासणी एका वेगळ्या कमिटमध्ये बंद करा, कॉन्फिगमधून ८१३९सीपी काढून टाका, आणि तो कमिट कुणाला पाठवायचा नाही हे कमिटच्या नावातच लिहा.

दुसरी गंमत: क्यूईएमयूच्या यूजर-मोड नेटवर्कमधून बाहेरच्या जगाला पिंग बऱ्याचदा जात नाही. ड्रायव्हर मोडला म्हणून डोकं धरून बसू नका. १०.०.२.२ या गेटवेला पिंग करा.

प्रत्येक पॅचनंतर हे करा: इंटरफेस खाली-वर, आयपर्फ दोन्ही दिशांनी, आकडेवारी, आणि सिसएफएसमधून ड्रायव्हर अनबाइंड (कार्डापासून वेगळा) करून परत बाइंड. शेवटचं बरेच जण गाळतात, आणि रिमूव्हच्या (ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या कोडच्या) वाटेवरचे बग तसेच राहतात.

क्यूईएमयू फार दयाळू आहे हेही ध्यानात असू द्या. तिथली चिप रीसेट सांगितल्याक्षणी झालेली असते, पीसीआय बसवर लिहिलेलं वाटेत रेंगाळत नाही. खऱ्या कार्डावर दोन्ही होतं.

बिल्ड करताना ड्रायव्हरचे सगळे कॉन्फिग पर्याय आलटूनपालटून लावा. ८१३९टू ला पीआयओ, ट्यून ट्विस्टर, ८१२९, जुना आरएक्स रीसेट असे पर्याय आहेत. इफडेफच्या आतला कोड तुमच्या बिल्डमध्ये कंपाइलच होत नसेल तर तो मोडल्याचं तुम्हाला कळणार कसं?

४. वरून खाली वाचू नका

पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं तर रजिस्टरांच्या यादीतच जीव जाईल. नेटडेव्ह ऑप्स नावाचं स्ट्रक्चर शोधा. इंटरफेस सुरू करणं, बंद करणं, पॅकेट पाठवणं यांसाठी कर्नल कुठल्या फंक्शनला हाक मारतो ते तिथे एका जागी दिसतं. तिथून ओपन, क्लोज, स्टार्ट-एक्समिट, मग इंटरप्ट आणि पोल, आणि सगळ्यात शेवटी प्रोब.

वाचताना कागदावर प्रत्येक फंक्शनपुढे एकच गोष्ट लिहा: हे कुठल्या संदर्भात चालतं? झोपायला परवानगी आहे का? लॉक धरलेलं आहे का, कुठलं? पुढे हाच कागद कामाला येणार आहे. संदर्भ काळानुसार बदलतोही. २०२५ च्या सुरुवातीला नॅपी-एनेबल हे (ड्रायव्हरचं पोल चालू करणारं) फंक्शन झोपू शकेल असं झालं, आणि स्पिनलॉक (तो धरून झोपता येत नाही) धरून त्याला बोलावणारे ८१३९टू सारखे बरेच जुने ड्रायव्हर दुरुस्त करावे लागले.

विचित्र ओळ दिसली की गिट ब्लेम (ओळ कुठल्या कमिटने आली ते दाखवतं). मागचा कमिट नुसता साफसफाईचा निघाला तर त्याच्याही मागे जा.

५. एका पॅचमध्ये एकाच जातीचा बदल

नाव बदलणं, कोड हलवणं, फंक्शन वेगळं काढणं, वागणूक बदलणं. चार जाती, चार वेगळे पॅच. हलवताना नाव बदललं की रिव्ह्यू करणाऱ्याला काहीच ताडून पाहता येत नाही. कोड नुसता हलवला असेल तर गिट डिफला कलर-मूव्हड पर्याय देऊन स्वतः खात्री करा.

नुसत्या नावबदलासाठी सोपी कसोटी आहे. पॅचच्या आधीची ऑब्जेक्ट फाइल ऑब्जडम्पने उलगडून ठेवा, पॅचनंतरची उलगडा, दोन्हींचा डिफ घ्या. आकड्याऐवजी मॅक्रो आणला असेल तर डिफ रिकामा आलाच पाहिजे. फंक्शनचं नाव बदललं असेल तर लेबलांत फरक दिसेल, ते चालेल. माइट-स्लीपसारख्या मॅक्रोंमधून ओळक्रमांक मशीन कोडमध्ये शिरतो, तोही फरक निरुपद्रवी. याखेरीज काहीही दिसलं तर थांबा. ही कसोटी केली असेल तर कमिटच्या मजकुरात तसं लिहा, रिव्ह्यू करणाऱ्याचा वेळ वाचतो.

आणि साफसफाई करता करता खरा बग सापडला तर? तो या मालिकेत कोंबू नका. तो आधी, वेगळा, फिक्सेस टॅग (बग कुठल्या कमिटने आणला ते सांगणारी ओळ) लावून नेट ट्रीकडे जातो.

६. आकड्यांना नावं द्या, पण डेटाशीटमधली

८१३९टू च्या आरएक्स (पॅकेट घेण्याच्या) फंक्शनमध्ये पॅकेट वाचून झालं की चिपला ‘इथपर्यंत वाचलं’ असं सांगण्यासाठी एका रजिस्टरमध्ये करंट-आरएक्स उणे १६ ही किंमत लिहिली जाते. उणे १६ कशासाठी? पॅकेटचं हेडर तर चार बाइटचं. ड्रायव्हरची चूक असावी असं वाटतं, पण तसं नाही. हे रजिस्टर खऱ्या जागेपेक्षा १६ ने मागे असावं अशी या चिपचीच अपेक्षा असते. इथे ‘सोळा’ अशा अर्थाचं नाव देऊन काही साधत नाही. रजिस्टर, आणि ते मागे ठेवणं, हे दोन्ही नावात आलं पाहिजे आणि वर एका ओळीची कॉमेंट पाहिजे.

नाव देताना डेटाशीटमधलंच घ्या, तुम्हाला सुचलेलं गोंडस नाव नको. पुढच्या माणसाला डेटाशीटमध्ये शोधता आलं पाहिजे. बिटसाठी बिट मॅक्रो, सलग बिटांसाठी जेनमास्क, त्यांत किंमत बसवायला फील्ड-प्रेप आणि काढायला फील्ड-गेट. हाताने केलेले शिफ्ट आणि मास्क यांनी निघून जातात.

सापळा: एक डावीकडे ३१ घरं सरकवलेला ही चिन्हांकित इंट असते, तर बिट मॅक्रो अनसाइन्ड लाँग देतो. ६४ बिटांच्या मशीनवर पहिली किंमत मोठ्या व्हेरिएबलमध्ये गेली की वरचे ३२ बिट एकने भरतात, दुसरीत शून्य राहतात. म्हणजे ‘नुसतं नाव बदललं’ म्हणता म्हणता वागणूक बदलली. वरची ऑब्जडम्पची कसोटी इथे कामाला येते.

७. लपून चालणारे मॅक्रो बाहेर काढा

या ड्रायव्हरमध्ये रजिस्टर वाचायला आरटीएल-आर८ आणि लिहायला आरटीएल-डब्ल्यू८ असे मॅक्रो आहेत. त्यांना फक्त रजिस्टर आणि किंमत द्यायची. पत्ता कुठून येतो? ज्या फंक्शनमध्ये मॅक्रो वापरला तिथे आयओ-अ‍ॅडर नावाचं लोकल व्हेरिएबल असेल असं मॅक्रो गृहीत धरतो. कोडिंग स्टाइलच्या कागदात टाळायच्या मॅक्रोंमध्ये नेमका हा प्रकार आहे. वाचणाऱ्याला आयओ-अ‍ॅडर वर जाहीर केलेलं दिसतं, खाली कुठेच वापरलेलं दिसत नाही, आणि तो ते काढून टाकायला जातो.

उपाय सरळ आहे: ड्रायव्हरच्या खाजगी स्ट्रक्चरचा पॉइंटर घेणारी छोटी स्टॅटिक इनलाइन फंक्शनं. जागा बऱ्याच असतील, तेव्हा हाताने न करता कॉक्सिनेलची स्क्रिप्ट लिहा आणि ती कमिटच्या मजकुरात चिकटवा.

पण एफ शेपटी असलेले मॅक्रो बघून घ्या. आरटीएल-डब्ल्यू८-एफ लिहितो आणि लगेच तेच रजिस्टर वाचतो, वाचलेली किंमत टाकून देतो. नवख्याला हे वाचन फुकटचं वाटतं. पीसीआयवर लिहिलेली किंमत मध्ये कुठेतरी थांबू शकते. वाचन केलं की आधीचं लिखाण चिपपर्यंत पोचल्याशिवाय उत्तर येत नाही. इंटेलच्या ई१००० मध्येही राइट-फ्लश नावाचा मॅक्रो याचसाठी स्टेटस रजिस्टर वाचतो. काही चिपांत तर इंटरप्टचं रजिस्टर नुसतं वाचल्यानेच साफ होतं. थोडक्यात, किंमत वापरली नाही म्हणून वाचन काढायचं नाही.

८. लांब फंक्शनं तोडा, वाजवी ठिकाणी

कोडिंग स्टाइलचा दंडक: इंडेंटेशन तीन पातळ्यांपलीकडे नको, लोकल व्हेरिएबलं पाच ते दहा. चेकपॅचची ओळीची मर्यादा २०२० मध्ये ८० वरून १०० अक्षरांवर गेली, तरी नेटवर्किंगवाले अजून ८० च मागतात. व्हेरिएबलांच्या जाहीर ओळी लांबीकडून आखूडाकडे उतरत्या ठेवायच्या, हा त्यांचा आणखी एक हट्ट.

ओळी मोजून फंक्शन तोडू नका. ‘चिप थांबव’, ‘रिंग भर’, ‘फिल्टर लाव’ अशी एका क्रियापदात सांगता येणारी तुकडी दिसली तरच वेगळी काढा. सात पॅरामीटर द्यावे लागत असतील तर चुकीच्या जागी कापताय.

चिप-रीसेट फंक्शन बघा. रीसेटचा बिट लिहितं, मग हजार वेळा लूप, प्रत्येक फेरीत बिट उतरला का ते बघून दहा मायक्रोसेकंद थांबतं. म्हणजे जास्तीत जास्त सुमारे दहा मिलिसेकंद. अशा हाताने लिहिलेल्या लूपसाठी कर्नलमध्ये रीड-पोल-टाइमआउट हे तयार मॅक्रो आहेत आणि त्यांनी कोड खरंच स्वच्छ होतो. दोन गोष्टी तपासा. साधं रूप झोपतं, अ‍ॅटॉमिक रूप झोपत नाही. आणि हे रीसेट टाइमआउटनंतरच्या सावरण्याच्या वाटेवरूनही बोलावलं जातं, जिथे लॉक धरलेलं असू शकतं. चौथ्या पायरीचा कागद काढा. दुसरं, मूळ फंक्शन काहीच परत देत नाही, चिप कधीच उठली नाही तरी. एरर परत देणं चांगलंच, पण तो वागणुकीतला बदल झाला, म्हणजे वेगळा पॅच.

९. एररची वाट

जुन्या ड्रायव्हरांत एर१, एर२, एर३ अशी लेबलं असतात. मध्ये एक पायरी वाढली की सगळे आकडे सरकतात. लेबलाचं नाव तिथे काय सोडलं जातं त्यावरून ठेवा: बफर मोकळा करणारं, इंटरप्ट सोडणारं. ज्या क्रमाने घेतलं त्याच्या बरोबर उलट क्रमाने सोडायचं. तपासायला फेलस्लॅब चालू करून मेमरी मुद्दाम नाकारा; एरवी या ओळी कधी चालतच नाहीत.

डेव्हएम किंवा गार्ड (स्कोप संपला की लॉक आपोआप सोडणारा मॅक्रो) वापरून सगळे गोटू उडवायचा मोह आवरा. नेटडेव्हला ही आपोआप सोडण्याची सोय चालते, पण आवडत नाही. वीस ओळींहून मोठ्या फंक्शनात गार्ड नको असं त्यांनी लिहूनच ठेवलंय. शिवाय डेव्हएमने घेतलेला इंटरप्ट रिमूव्ह फंक्शन संपल्यावर सुटतो. तोवर रिमूव्हने बाकी सगळं मोकळं केलेलं असतं, आणि मध्येच इंटरप्ट आला तर आगीतून फुफाट्यात.

१०. पॅकेट पाठवण्याच्या वाटेला सगळ्यात शेवटी जा

स्टार्ट-एक्समिटने ओके परत दिलं की पॅकेटचं ओझं ड्रायव्हरवर. बिझी परत दिलं तर कर्नल तेच पॅकेट पुन्हा घेऊन येतो. त्यामुळे एररच्या सगळ्या वाटा एका लेबलाखाली ‘सुटसुटीत’ करताना पॅकेट मोकळं करून बिझी परत दिलं, की मेमरी गेली.

८१३९टू इथे पॅकेट बफरमध्ये उतरवतो, मग राइट बॅरिअर (आधीचं लिखाण चिपला आधी दिसेल याची हमी), मग स्टेटस रजिस्टरमध्ये लिहितो. त्या लिखाणानेच चिपचं डीएमए सुरू होतं. बॅरिअरवर मूळ लेखकाची कॉमेंट आहे, तीही ठेवा. ‘भर’ आणि ‘पाठव’ अशी दोन फंक्शनं केलीत तर बॅरिअर आणि रजिस्टरचं लिखाण एकाच फंक्शनात राहू द्या. वेगळे झाले की पुढचा कुणीतरी त्यांच्यामध्ये एक ओळ घुसवणारच.

११. पाठवताना

चेकपॅच स्ट्रिक्ट पर्यायासह चालवा, डब्ल्यू=१ (जादा वॉर्निंग) आणि सी=१ (स्पार्सची तपासणी) देऊन बिल्ड करा. प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे बिल्ड व्हायला हवा, नुसता शेवटचा नाही. नाहीतर बायसेक्ट करणारा (कुठल्या कमिटने मोडलं ते शोधणारा) तुमच्या नावाने बोटं मोडेल. गेट-मेंटेनर स्क्रिप्ट कुणाला पाठवायचं ते सांगते. विषयात नेट-नेक्स्ट हा शब्द पाहिजे. एका मालिकेत १५ पेक्षा जास्त पॅच नकोत. साइन्ड-ऑफ-बाय (स्वतःच्या सहीची) ओळ विसरू नका. वागणूक बदललेली नसेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि कुठल्या कार्डावर, कसं तपासलं तेही. फक्त क्यूईएमयूवर तपासलं असेल तर ते लपवू नका.

मर्ज विंडोच्या (मुख्य कर्नलात नवे बदल घेण्याच्या काळाच्या) साधारण दोन आठवड्यांत नेट-नेक्स्ट बंद असते. त्या काळात पाठवलेलं परत येतं. मत हवं असेल तर आरएफसी म्हणून पाठवा. सुधारलेली आवृत्ती आधीच्या पाठवणीनंतर निदान २४ तास थांबून टाका, आणि काय बदललं ते कमिटच्या मजकुरानंतरच्या तीन डॅशच्या खाली लिहा.

उत्तरं तुटक येतात. ‘का?’ एवढाच मेल आला तरी रागवायचं नाही, का ते सांगायचं, आणि पुढच्या आवृत्तीत ते कमिटच्या मजकुरात घालायचं. पॅचवर्कवर (आलेल्या पॅचची नोंद ठेवणाऱ्या साइटवर) स्थिती बघता येते. ‘चेंजेस रिक्वेस्टेड’ दिसलं की तो पॅच तसाच उचलला जाणार नाही, नवी आवृत्ती तुम्हीच पाठवायची. आठवण करणारे मेल टाकून ती स्थिती बदलत नाही.